चमकलेल्या संघाचा पुढचा जुलै : मुंबईतील महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतील महाविद्यालयांचे प्राचार्य, जिमखाना समित्यांचे अध्यक्ष आणि क्रीडा संचालक यांस,

स. न. वि. वि.

आपल्यापैकी एखाद्याच्या फुटबॉल संघाने यंदा कमाल केली असेल. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नावाजलेल्या जिमखान्यांना घरी पाठवले असेल, फाटकावर फ्लेक्स लागला असेल, पारितोषिक समारंभात पोरांना शाल-श्रीफळ मिळाले असेल. अभिनंदन. हे पत्र आधी त्या महाविद्यालयासाठी आहे, बाकीच्यांसाठी नंतर. कारण चमकलेला संघ पुढच्या वर्षी पहिल्या-दुसऱ्या फेरीतच गारद होतो हे आम्ही वर्षानुवर्षे पाहतो, आणि तो का गारद होणार हे एप्रिलमध्येच कागदावर मांडता येते.

पहिले कारण साध्या मोजणीचे आहे. मोसमभर खेळलेल्या अकरा जणांची यादी घ्या आणि प्रत्येक नावापुढे एफवाय, एसवाय की टीवाय (पदवीचे पहिले, दुसरे की तिसरे वर्ष) ते लिहा. चमकलेल्या संघात बहुतेकदा सात-आठ जण टीवायचे निघतात. मोसम चमकला तोच मुळी त्यामुळे. डावा बॅक वर गेला की मागची जागा कुणी झाकायची, गोली उजवीकडे फेकणार की लांब मारणार, हे तीन पावसाळे एकत्र खेळलेल्या पोरांना सांगावे लागत नाही. जूनमध्ये ही सगळी मंडळी एकदम बाहेर पडतात. मागे उरतात ती बाकावर बसलेली पोरे, ज्यांच्या वाट्याला सबंध मोसमात मिळून एका सामन्याइतकाही खेळ आलेला नसतो.

त्यामुळे संघनिवड ही यंदाची नव्हे, पुढच्या दोन वर्षांची समजावी. बावीस जणांच्या तुकडीत प्रत्येक वर्षाचे सात-आठ असावेत. तीन गोलांची आघाडी झाली की उरलेली वीस मिनिटे एफवायच्या पोरांची, ही गोष्ट प्रशिक्षकाच्या मर्जीवर न सोडता मोसमाआधीच ठरवून टाकावी. आघाडीवर असतानाही तोच स्ट्रायकर शेवटपर्यंत मैदानात ठेवायचा मोह फार मोठा असतो. त्याचे गोल वाढतात, संघाचे काही वाढत नाही.

अकरावी-बारावीची मुले विद्यापीठाच्या स्पर्धेत खेळू शकत नाहीत. त्यांची स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांची, १९ वर्षांखालील. पण त्यांना पदवीच्या संघाबरोबर सराव करायला कुणी मनाई केलेली नाही. ज्या महाविद्यालयांत दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत, तिथेही दोन संघांचे दोन संसार चालतात, किटसुद्धा वेगळ्या कपाटात. बारावीचे तीन-चार चांगले खेळाडू जानेवारीपासून आठवड्यातून एकदा मोठ्या संघाबरोबर धावले, तर जूनमध्ये शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. शिवाय बारावी झाली की तो पोरगा शेजारच्या कॉलेजात का जातो? तिथल्या सरांनी त्याला मे महिन्यात फोन केलेला असतो म्हणून.

दुसरे कारण जुलै. पदवीचे प्रवेश जूनभर चालतात, कॉलेज सुरू होते, जुलैच्या मध्याला सूचना फलकावर निवड चाचणीचा कागद लागतो. ऐंशी पोरे येतात. दोन तासांत त्यांना अकरा-अकराच्या संघांत वाटून वीस-वीस मिनिटे खेळवले जाते आणि चिखलात ज्याच्या पायाशी चेंडू योगायोगाने जास्त वेळा आला तो निवडला जातो. पूर्ण मैदानावर वीस मिनिटांत एखाद्या विंगरला चार-पाच वेळाच चेंडू मिळतो; त्यावरून काय कळणार? चाचणी तीन दिवसांची करा. पहिल्या दिवशी ३० बाय २० मीटरच्या चौकोनांत चार विरुद्ध चार, गोलीविना, चार-चार मिनिटांचे डाव. दर डावाला संघ बदला, जिंकणाऱ्या प्रत्येकाला तीन गुण, बरोबरीला एक. आठ डाव झाले की ज्याचे गुण वर असतात, तो कुणाच्याही बरोबर खेळला तरी संघ जिंकवतो असे दिसते. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या चाळीस जणांना आठ-आठचे सामने, जागा बदलून. पूर्ण मैदान तिसऱ्या दिवशी, आणि तेही फक्त उरलेल्या तीसेक जणांना. गोलींची चाचणी पहिल्या दिवसापासून वेगळी घ्या. ऐंशी जणांच्या गर्दीत गोली शोधला जात नाही, उरलेल्या उंच पोराला दस्ताने दिले जातात.

चाचणी जुलैत आणि पहिला सामना ऑगस्टमध्ये, म्हणजे तयारीला तीन आठवडे. एप्रिलच्या परीक्षेपासून न धावलेला पोरगा तीन आठवड्यांत सामना खेळायला लागला की पहिले दुखते ते मांडीमागचे स्नायू, हॅमस्ट्रिंग. म्हणून एसवाय-टीवायच्या जुन्या खेळाडूंचा सराव १५ जूनला सुरू व्हावा आणि नवीन पोरांनी त्यात येऊन मिसळावे. आठवड्याला तीन सत्रे, प्रत्येकी नव्वद मिनिटे, सहा आठवडे : एकूण अठरा सत्रे, सत्तावीस तास. यापेक्षा कमी तयारीत चांगला मोसम झालाच, तर ती त्या वर्षीच्या टीवायची पुण्याई.

प्रत्येक सत्राची पहिली वीस मिनिटे फिफाच्या ‘११+’ वॉर्म-अपला द्या. त्याचे तीन भाग : आठ मिनिटे संथ धावणे, दहा मिनिटे ताकद, तोल आणि उड्या, शेवटची दोन मिनिटे वेगाने धावणे व दिशा बदलणे. आठवड्यातून किमान दोनदा सातत्याने केल्यास दुखापती लक्षणीय कमी होतात, हे अनेक देशांत तपासून झाले आहे. आपल्याकडे काय चुकते? मधली दहा मिनिटे उरकली जातात. उडीनंतर जमिनीवर येताना गुडघे आत वळतात आणि ते कुणी पाहत नाही, हॅमस्ट्रिंगचा नॉर्डिक व्यायाम (गुडघ्यांवर उभे राहून, जोडीदाराने घोटे धरले असताना हळूहळू पुढे झुकणे) करताना कंबरेत वाकून फसवले जाते. नॉर्डिक सुरुवातीला तीन ते पाच वेळाच, पण गुडघ्यापासून खांद्यापर्यंत शरीर सरळ ठेवून. मुलींच्या संघात हा भाग वगळणे तर अक्षम्य आहे. गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाची दुखापत मुलींमध्ये मुलांच्या दोन-तीन पट आढळते, आणि शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने, म्हणजे पदवीचे एक वर्ष, जाते.

आता मैदान. इथे थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण बिघाड सर्वाधिक इथेच आहे.

शहरात गल्लोगल्ली जाळीतले टर्फ झाले आहेत. तासावर मिळतात, रात्री दिवे असतात, पावसातही खेळता येते, स्टेशनजवळ असतात. त्यामुळे ‘सराव’ म्हणजे टर्फ असे होऊन बसले आहे. हिशेब करून पाहा. ४० बाय २० मीटरच्या टर्फवर दहा खेळाडू म्हणजे माणशी ८० चौरस मीटर जागा. १०० बाय ६४ मीटरच्या मैदानावर बावीस खेळाडू म्हणजे माणशी सुमारे २९० चौरस मीटर. साडेतीन पट जागेत खेळायचा खेळ या पोरांनी सरावात पाहिलेलाच नसतो. टर्फवर ऑफसाइड नाही, म्हणून बचावफळीला एका ओळीत पुढे-मागे सरकायची सवय लागत नाही. उंच चेंडू नाही, म्हणून हेडर मारताना डोळे मिटतात. गोल छोटा, म्हणून गोलीला ७.३२ मीटर रुंदीच्या गोलात कुठे उभे राहायचे याचा अंदाज नसतो. आणि पंधरा मीटरच्या पुढे कुणी सलग धावतच नाही. मग सामन्यात विंगर पहिल्यांदा चाळीस मीटर सुसाट सुटतो आणि मांडी धरून बसतो.

त्यात मुंबईचे मैदान ऑगस्टमध्ये काय असते ते आपण जाणताच. टर्फवर पंधरा मीटर घरंगळणारा पास चिखलात नऊ मीटरवर थांबतो आणि तिथे समोरच्याचा पाय असतो. चिखलात खेळायचा फुटबॉल वेगळा शिकवावा लागतो : चेंडू हवेतून किंवा छातीवर द्यायचा, पहिल्या चेंडूपेक्षा उडून येणाऱ्या दुसऱ्या चेंडूवर दोघांनी आधीच धावायचे, आपल्या गोलसमोर चेंडू कधीही आडवा द्यायचा नाही, आणि गोलीने ओला चेंडू पकडायच्या हट्टापेक्षा बाजूला ढकलायचा. टर्फ निरुपयोगी आहे असे नाही. पहिला स्पर्श, जवळचे झटपट पास, दाबाखाली वळणे यांसाठी तो उत्तम. पण तीन सत्रांतले एक तिथे, दोन मोठ्या मैदानावर. अर्धे मैदान मिळाले तरी चालेल; तीस-चाळीस मीटरचे तिरके पास, बचावफळीचे सरकणे आणि कॉर्नर अर्ध्या मैदानात शिकवता येतात.

मोठे मैदान कुठून आणायचे? स्वतःचे मैदान असलेली महाविद्यालये मोजकी आहेत. बाकीच्यांनी पालिकेच्या मैदानाची परवानगी, जिमखान्यांशी बोलणी, शेजारच्या दोन महाविद्यालयांनी मिळून एक मैदान घेणे, हे सगळे मेमध्ये उरकायला हवे. जूनमध्ये शाळा, क्लब आणि अकादम्या आधीच रांगेत असतात. आणि ऑक्टोबर लागला की मैदानांवर क्रिकेटच्या खेळपट्ट्या तयार व्हायला लागतात, दोऱ्या बांधल्या जातात, फुटबॉल हद्दपार होतो. संघ चांगला खेळून पुढच्या फेऱ्यांत गेला, तर नेमक्या त्याच वेळी त्याला सरावाला जागा नसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरची सोय मेमध्येच लिहून घेतलेली असावी.

क्रिकेटच्या खेळपट्टीचा आणखी एक जाच आहे. आझाद मैदान असो की शिवाजी पार्क, फुटबॉलच्या मैदानात कुठे ना कुठे एखादी खेळपट्टी येतेच. आजूबाजूची माती मऊ, ही पट्टी दाबून टणक केलेली, पाऊस पडला की निसरडी. घोटे मुरगळतात ते पट्टीच्या कडेवर. सामन्याआधी कर्णधाराने आणि गोलीने सबंध मैदान एकदा चालून पाहावे, पट्टी कुठे आहे आणि पाणी कुठे साचते ते संघाला सांगावे. पहिल्या डावात कुठल्या बाजूने खेळायचे हेही त्यावरून ठरते.

आपल्या मैदानावर सामने भरवणार असाल तर दोन गोष्टी. फक्की मारताना, म्हणजे मैदानाच्या रेषा आखताना, कळीचा चुना वापरू नका. ओल्या मातीत तो कातडी आणि डोळे भाजतो, आणि खरचटलेल्या गुडघ्यावर गेला तर जखम आठवडाभर भरत नाही. खडूची पूड किंवा पाण्यात कालवायचा पांढरा रंग वापरा. वर दिलेल्या मापाच्या मैदानाला सगळ्या रेषा मिळून जवळजवळ ७०० मीटर होतात, त्या हिशेबाने माल आणा. कोपरा काटकोनात आहे का हे ९, १२ आणि १५ मीटरच्या दोरीच्या त्रिकोणाने तपासा, नाहीतर एका बाजूची पेनल्टी-चौकट तिरकी होते आणि रेफ्रीशी वाद होतात. दुसरे, हलवता येणारे लोखंडी गोलपोस्ट मागून खुंट्या ठोकून किंवा वजन ठेवून पक्के करा. नियमांतच तसे म्हटले आहे. आडव्या दांडीला लोंबकळल्यामुळे पोस्ट अंगावर पडून मुले दगावली आहेत.

बुटांबद्दल थोडक्यात. चिखलाला लांब आणि कमी स्टड (तळाचे खिळे), कृत्रिम पृष्ठभागाला आखूड आणि पुष्कळ. कूपरेजसारख्या कृत्रिम मैदानावर लांब स्टडचे बूट घातले की पाय रुततो, शरीर वळते आणि गुडघा मध्ये सापडतो. दोन जोड परवडत नसतील तर जिमखान्याने आठ-दहा जोड ठेवावेत; पुढच्या वर्षीही त्याच मापाचे पाय येतात. बावीस-चोवीस जणांच्या तुकडीला पाच नंबरचे बारा चेंडू, दोन रंगांची बारा-बारा बिब्ज (सरावात संघ ओळखायला घालायची जाकिटे), चाळीस कोन आणि दाबमापक असलेला पंप एवढे बास. दाब ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर हा नियम. अंगठ्याने दाबून ‘चालेल’ म्हणणे हा नियम नाही. आणि कृपा करून साहित्याच्या कपाटाची दुसरी किल्ली कर्णधाराकडे द्या. सराव साडेसहाला असतो, किल्लीवाले शिपाईमामा दहाला येतात.

गोलीकडे वळू. चमकलेल्या मोसमात गोलीने चार सामने वाचवलेले असतात आणि बक्षीस स्ट्रायकरला मिळते. दर वर्षाच्या तुकडीत एक, म्हणजे एकूण तीन गोली हवेत, आणि त्यांना आठवड्यातून तीनदा पंचवीस मिनिटे वेगळा सराव. बाद पद्धतीच्या स्पर्धेत बरोबरीचा निकाल शेवटी टायब्रेकरवर, म्हणजे पेनल्टी किकवर, लागतो, तरी त्याचा सराव हसतखेळत, शेवटच्या पाच मिनिटांत होतो. दमलेल्या पायांनी, मध्यरेषेपासून एकट्याने चालत येऊन, एकच संधी, असा सराव करा. किक बसेपर्यंत गोलीच्या एका पायाचा काही भाग तरी गोलरेषेवर, रेषेच्या सरळ वर किंवा तिच्या मागे असायलाच हवा; पुढे आल्यामुळे किक वाचली तर ती पुन्हा घेतली जाते. जुलै २०२५ पासून लागू झालेला नियमही अनेक गोलींना ठाऊक नाही : चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. शेवटची पाच सेकंदे रेफ्री हात वर करून मोजतो. आणखी एक, हातातला कडा, गळ्यातला ताईत, कानातली बाळी टेपखाली झाकलेली चालत नाही, काढावीच लागते. दर मोसमात कुणीतरी ऐन वेळी साबण शोधत फिरतो.

पावसाळ्याच्या दुखण्यांची यादी मोठी आहे. त्यातली जिवावर बेतणारी आधी. गुडघा खरचटलेला असताना साचलेल्या पाण्यात खेळले की लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. जखम आधी जलरोधक पट्टीने झाका, सामना संपताच साबणाने पाय धुवा, आणि जखमेसह पाण्यात उतरलेल्या खेळाडूला ताप येईपर्यंत वाट न पाहता ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे न्या. प्रतिबंधक गोळी द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. पालिकेच्या दवाखान्यांना हे नवीन नाही. नंतर ताप, पिंढऱ्यांत दुखणे आणि डोळे लाल झाले, तर ‘व्हायरल आहे’ म्हणून घरी बसू देऊ नका.

सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी विजा होतात. गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवून सगळ्यांना पक्क्या इमारतीत न्या, झाडाखाली किंवा मंडपात नव्हे. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे थांबून मगच पुन्हा सुरुवात. डोक्याला मार लागून खेळाडू गोंधळला, त्याला ओकारी आली किंवा स्कोअर आठवेना, तर त्या दिवसापुरता त्याचा खेळ संपला. तो स्वतः ‘सर, मी ठीक आहे’ म्हणणारच. त्याचे ऐकायचे नाही.

मुरगळलेल्या घोट्याला पहिल्या दोन दिवसांत मालीश आणि गरम शेक देण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. त्याने सूज वाढते. बर्फ पातळ कापडातून पंधरा-वीस मिनिटे, क्रेप बँडेज, पाय उंच, आणि चार पावलेही टाकता येत नसतील तर एक्स-रे. थर्माकोलच्या डब्यात बर्फाचा चुरा न्यायला फारसा खर्च येत नाही. फवाऱ्याची बाटली फक्त कातडी बधिर करते.

ऑक्टोबर हीटचे सामने दुपारी लागतात, आणि कृत्रिम पृष्ठभाग तर हवेहून कितीतरी जास्त तापतो. सामन्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी भरले तर पुढच्या काही तासांत दीड लिटर पाणी पोटात जायला हवे. ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नव्हे. रेफ्रीकडे पाण्याच्या विश्रांतीची विनंती नाणेफेकीच्या वेळीच करा.

मुंबईच्या खेळाडूचा निम्मा दम लोकलमध्ये जातो. विरार, अंबरनाथ, पनवेलहून येणारा पोरगा साडेसहाच्या सरावासाठी पाचच्या आत घर सोडतो, तेही चहा-बिस्किटावर. सरावानंतर पहिले लेक्चर सव्वासातला किंवा आठला. दोन केळी आणि राजगिऱ्याचा लाडू गाडीत, सराव झाल्यावर दोन उकडलेली अंडी किंवा उसळ-पाव आणि दूध, एवढी सोय कँटीनच्या कंत्राटातच लिहिता येते. सामन्याआधी तीन तास वरण-भात किंवा पोहे. तासभर आधी वडापाव खाल्ला तर तो दुसऱ्या डावातही पोटात जागा असतो. रविवारचा सामना असेल तर शनिवारीच मेगाब्लॉक पाहा. निम्मा संघ माटुंग्याला अडकला आणि सात खेळाडूही वेळेत जमले नाहीत, तर नियमाने सामना सुरूच होत नाही, आणि मग विरोधी संघाला पुढे चाल.

वेळापत्रकावर मुंबईचा श्रावण-भाद्रपदही लिहून ठेवा. जुलैअखेरीपासून संघातली दोन-चार पोरे रात्री गोविंदा पथकाच्या सरावाला जातात आणि थरावरून पडून खांदा, मनगट घेऊन येतात. बंदी घालून काही होत नाही. कोण जातो ते माहीत असावे, दुसऱ्या दिवशीचा त्याचा भार कमी करावा. गणपतीत कोकणात जाणारे किती आणि मंडळात रात्र काढणारे किती हेही विचारून घ्या. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी जोरकस सराव ठेवू नये.

भार मोजायला यंत्र लागत नाही. सत्र संपल्यावर प्रत्येकाला विचारा, दहापैकी किती जड गेले? त्या आकड्याला मिनिटांनी गुणा. सत्तर मिनिटे आणि सहा, म्हणजे ४२०. आठवड्याची बेरीज आधीच्या चार आठवड्यांच्या सरासरीच्या दीडपटीवर जाऊ लागली की सावध व्हा. हा आकडा काही वेदवाक्य नाही, त्यावर तज्ज्ञांत वाद आहेत. पण वहीत लिहिल्याने एक गोष्ट हमखास उघडी पडते. चांगला खेळाडू कॉलेजखेरीज क्लबकडून मुंबई फुटबॉल असोसिएशनच्या लीगमध्येही खेळतो आणि रात्री मित्रांबरोबर टर्फवर. तिन्ही ठिकाणच्या प्रशिक्षकांना एकमेकांचा पत्ता नसतो. महिन्यातून एक फोन करा.

कागदपत्रांवर संघ हरतात, तेही लिहायला हवे. पात्रता अर्ज, आधीच्या वर्षाची गुणपत्रिका, बोनाफाइड, ओळखपत्र, दुसऱ्या विद्यापीठातून आला असेल तर मायग्रेशन : ही फाइल खेळाडूनिहाय जुलैअखेर तयार हवी. आंतरविद्यापीठ स्पर्धेला २५ वर्षांची वयोमर्यादा आहे, ती असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजच्या चालू परिपत्रकातल्या तारखेप्रमाणे तपासा, मागच्या वर्षीच्या झेरॉक्सवरून नव्हे. एका अपात्र खेळाडूपायी सबंध संघ बाद होतो.

हजेरीचा प्रश्न याहून जास्त खेळाडू गिळतो. ७५ टक्क्यांची अट आहे; सामन्याच्या दिवसांची सवलत मिळते, पण ती मागावी लागते आणि पुरावा लागतो. पोरगा जानेवारीत बाईंकडे चिठ्ठी घेऊन जातो तेव्हा फार उशीर झालेला असतो. क्रीडा संचालकांनी दर महिन्याच्या पाच तारखेला खेळाडूंच्या सामन्यांची यादी प्रत्येक विभागप्रमुखाला पाठवावी, सही घ्यावी, विषय संपला. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सत्रपरीक्षा स्पर्धेच्या शेवटच्या फेऱ्यांना आणि विद्यापीठ संघाच्या शिबिरांना चिकटून येतात; चमकलेल्या संघातलेच खेळाडू त्यात अडकतात. अंतर्गत परीक्षा त्यांच्यासाठी दुसऱ्या तारखेला घेण्याचा ठराव महाविद्यालयाने आधीच करून ठेवावा. दोन केटी लागल्या, म्हणजे दोन विषय राहिले, की घरचे बूट माळ्यावर टाकतात आणि तो खेळाडू आपल्या हातून गेला.

प्रशिक्षकाला ऑगस्ट ते ऑक्टोबर मानधन आणि बाकी वर्ष रामराम, ही पद्धत बदला. किमान अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी परवाना असलेला प्रशिक्षक जून ते मार्च, लेखी करारावर नेमा. माजी खेळाडू फुकट येतो म्हणून त्याच्यावर संघ सोडणे स्वस्त वाटते. त्याला नोकरीत बढती मिळाली की संघ पोरका होतो.

राहिले टीवायचे. एके काळी कॉलेजचा चांगला मोसम म्हणजे बँकेत, रेल्वेत किंवा एखाद्या कंपनीच्या संघात नोकरी. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक करणारे नेव्हिल डिसोझा, ज्यांचे नाव वांद्र्याच्या मैदानाला आहे, तेही मुंबईत टाटांच्या संघाचेच. ती व्यवस्था आता जवळजवळ आटली. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेडही २०१० मध्ये बंद झाला. आता वाट जाते ती स्थानिक लीगमधल्या क्लबांतून, आणि तिथे क्लबला मोसमाचे फोटो नको असतात, सामन्याचे चित्रण हवे असते. मोबाइल तिवईवर लावून, मध्यरेषेजवळ जरा उंचावरून, पूर्ण सामना चित्रित करा. त्यातून प्रत्येक खेळाडूचा पाच मिनिटांचा तुकडा एखादी मीडियाची विद्यार्थिनी सहज कापून देईल. जो टीवायचा खेळाडू पुढे खेळणार नाही, त्याला रेफ्रीच्या परीक्षेला किंवा डी परवान्याच्या वर्गाला पाठवा आणि फी जिमखान्यातून भरा. पुढच्या वर्षी तुमचाच सहायक प्रशिक्षक तयार होतो.

जिमखाना समितीची अंदाजपत्रकाची बैठक बहुतेक ठिकाणी एप्रिलमध्ये असते. मैदान, प्रशिक्षकाचा करार आणि १५ जूनचा सराव हे तीन विषय त्या बैठकीच्या कार्यपत्रिकेवर घ्यावेत, ही विनंती. सराव पाहायला, चाचणी घ्यायला किंवा फाइल तपासायला आमच्यापैकी कुणीही बोलावल्यास येईल. सकाळी साडेसहाला, कपाटाची किल्ली असेल तर.

आपले,
मुंबईच्या मैदानांवर महाविद्यालयीन फुटबॉल शिकवणारे, खेळवणारे आणि शिट्टी वाजवणारे काही जण